डबे बोलू लागले की: नव्या इन्चार्जसाठी पहिले तीन महिने

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका औषधांच्या गोदामात मी इन्चार्ज होतो, तेव्हाची मे महिन्यातली रात्र. दोन वाजून दहा मिनिटांनी थंड खोलीतल्या सेन्सरनं व्हॉट्सॲपवर मेसेज धाडला: दार उघडं, आत ९ अंश. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, म्हणजे मेसेज कामाचाच होता. तो एकदम सात फोनांवर गेला. मालक, मी, दोन सुपरवायझर, मेन्टेनन्सवाला, हिशेबनीस (तो का, हे मला आजवर कळलेलं नाही) आणि सेन्सर बसवून गेलेला पोरगा. चौघांनी तो वाचला. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणी बघेल. दार लागलं ते पहाटे चारला, राउंडवर आलेल्या चौकीदार काकांनी ढकललं तेव्हा. काकांना मेसेज येतच नव्हता, कारण त्यांचा फोन साधा, बटणांचा.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सेन्सर बसवणाऱ्यालाच झापलं. खरं तर त्या रात्री सेन्सर, सिम, सर्व्हर सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. अलर्ट आला की कोणी उठायचं, हे मात्र आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

हिंगण्यात, बुटीबोरीत, वाडीत किंवा मिहानमध्ये तुम्हाला नुकतंच इन्चार्ज केलं असेल आणि आधीच्या माणसानं जागोजागी डबे लावून ठेवले असतील, तर हे तुमच्यासाठी. डबे म्हणजे तापमानाचे सेन्सर, दाराचे सेन्सर, गाड्यांचे जीपीएस, अंगठ्याची हजेरी, कॅमेरे, विजेचे मीटर. आमच्याकडचे हमाल या सगळ्याला ‘डबा’च म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो.

आधी डब्यांची नातीगोती

‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या वस्तू, हा शब्द ब्रिटिश तंत्रज्ञ केविन ॲश्टन यांनी १९९९ साली वापरला. पुढे २०११-१२ च्या सुमारास लुइजी आत्झोरी, अँटोनिओ येरा आणि जाकोमो मोराबितो या इटलीतल्या संशोधकांनी एक मजेदार कल्पना मांडली. वस्तू नुसत्या इंटरनेटला जोडू नका, त्यांना माणसांसारखी आपसात नाती जोडू द्या. नाती त्यांनी पाच सांगितली. एकाच कंपनीच्या एकाच लॉटमधल्या वस्तूंचं एक नातं, एका जागी राहणाऱ्यांचं दुसरं, एकत्र काम करणाऱ्यांचं तिसरं, एकाच मालकाच्या वस्तूंचं चौथं आणि जाता-येता वारंवार गाठ पडणाऱ्यांचं पाचवं. आपल्या भाषेत भावकी, शेजार, जोडीदारी, एकच धनी आणि ओळखपाळख.

हे पुस्तकी वाटेल, पण मला याचा रोजच्या कामात फार उपयोग झाला. एखादा सेन्सर दोन अंश जास्त दाखवायला लागला की आधी त्याच्या शेजाऱ्याला विचारा: बाजूचा डबा काय म्हणतो? शेजारी नीट असेल तर दोष त्या डब्यात. मग त्याची भावकी शोधा, म्हणजे त्याच लॉटचे बाकीचे डबे कुठे लावलेत ते. एक बिघडला तर बाकीचेही त्याच वाटेवर असू शकतात. दोन्ही शेजारी एकच सांगत असतील, तर खोली खरंच तापलीय. फोन ठेवा आणि पळा.

डब्यांची नाती जुळली की त्यांच्याकडून माणसांच्या गोष्टीही इकडून तिकडे जायला लागतात. दाराचा डबा हजेरीच्या डब्याला जोडला की दार कोणाच्या पाळीत उघडं राहिलं ते कळतं. जीपीएस जोडला की कोणता ड्रायव्हर कोंढाळीच्या ढाब्यावर चाळीस मिनिटं थांबला तेही कळतं. कामगारांच्या नजरेत डबा चहाडखोर होतो तो इथे. तुमची खरी नोकरीही इथूनच सुरू होते.

पहिले पंधरा दिवस: काही बदलू नका, फिरा

एक साधी वही घ्या. प्रत्येक डब्यासमोर उभं राहून पाच गोष्टी लिहा: हा काय मोजतो, कोणाला सांगतो, ऐकणारा मग काय करतो, याला वीज कुठून मिळते आणि हा गप्प झाला तर कोणाला कळेल. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘कोणालाच नाही’ असं लिहावं लागेल. घाबरू नका, सगळीकडे असंच असतं.

नागपूरच्या हवेचे तीन-चार धडे याच फेरीत मिळतात. टिनाच्या छपराखाली चिकटवलेला डबा मे महिन्यात गोदामाचं नाही, टिनाचं तापमान सांगतो. बाहेर ४५ असताना छताजवळचा आकडा बघून एसीवाल्याला बोलावू नका, डबा माणसाच्या उंचीवर आणा. डेझर्ट कूलरच्या झोतासमोरचा दमटपणाचा सेन्सर कूलरचीच बातमी देतो. वीज गेल्यावर डबा बॅटरीवर जिवंत असतो, पण राउटर मेलेला असतो. मग स्क्रीनवर शेवटचं रीडिंग तसंच राहतं, छान हिरवं. राउटरला लहानसा यूपीएस लावणं हा मी आयुष्यात केलेला सर्वात स्वस्त शहाणपणा. आणि सिमचं रिचार्ज! जीपीएस आणि गेटवे (सेन्सरांची माहिती पुढे इंटरनेटवर धाडणारा डबा) यांतल्या सिमांची मुदत कोणाच्याच लक्षात नसते. वहीच्या पहिल्या पानावर तारखा लिहा.

औषधं किंवा लस असेल तर आणखी एक. सेन्सरचं टोक उघड्या हवेत ठेवू नका, ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत बुडवा. दार उघडलं की हवा क्षणात तापते, बाटलीतलं द्रव हळूहळू तापतं, औषधही तसंच. त्यामुळे अलर्ट येतो तो औषधाच्या काळजीनं येतो, दार उघडल्याच्या रागानं नाही.

या पंधरा दिवसांत रोज अर्धा तास माडीवर, म्हणजे मेझनाइनवर, जाऊन उभे राहा. रोनाल्ड हायफेट्झ हे शिक्षणानं डॉक्टर, पुढे हार्वर्डमध्ये नेतृत्व शिकवू लागले. त्यांची ही कल्पना आहे: नाचाच्या गर्दीतून मधूनमधून गच्चीवर जायचं, तिथून नाच कसा चाललाय ते बघायचं, आणि पुन्हा खाली यायचं. परत खाली येणं विसरायचं नाही. काही साहेब माडीवरच ऑफिस थाटतात.

दुखणं कोणतं ते ओळखा

हायफेट्झ यांच्या ‘ॲडॅप्टिव्ह लीडरशिप’चा गाभा इथे आहे. मराठीत जुळवून घेणारं नेतृत्व म्हणता येईल, पण त्यातून साहेबानं जुळवून घ्यावं एवढाच अर्थ निघतो आणि तो अपुरा आहे. सवयी सगळ्यांनाच बदलाव्या लागतात. हायफेट्झ दोन प्रकारची दुखणी वेगळी करतात. एकाचा इलाज जाणकाराला ठाऊक असतो: बॅटरी बदला, सेन्सर हलवा. दुसऱ्यात दुखणाऱ्यालाच बदलावं लागतं. डॉक्टर रक्तदाबाची गोळी देईल, पण सावजीच्या रस्स्यावरची तर्री कमी करणं त्याच्या हातात नाही.

आमच्याकडचंच बघा. डॉकवरचं, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या जागेचं, दार रोज सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान चौदा-चौदा मिनिटं उघडं राहायचं. डब्यानं पुराव्यानिशी दाखवलं. मालक म्हणाले, त्या पाळीला दंड लावा. दुसऱ्यानं सुचवलं, भोंगा बसवा. भोंगा बसवला. दोन दिवसांनी कोणीतरी त्यात कापसाचा बोळा कोंबला.

मी तीन सकाळी माडीवरून बघितलं. उन्हाच्या आत परतायचं म्हणून पाचही गाड्या एकदम लागायच्या. हमालाच्या दोन्ही हातांत खोका, मागे दुसरा हमाल, दार ओढायला हात कोणाचा? वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि कोणी बोललं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं. मी त्यांच्यातल्या सर्वात जुन्या गड्याला विचारलं, तर तो म्हणाला, “साहेब, तुमचा डबा दार पाहून राहिला. गाड्या कोण पाहीन?”

उत्तर त्यांच्याकडूनच आलं. गाड्यांना वीस-वीस मिनिटांच्या फरकानं वेळा द्यायच्या आणि दारावर प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावायचा. पडदा हे सोपं काम, एका दिवसात झालं. गाड्यांच्या वेळांसाठी मात्र ट्रान्सपोर्टवाले, सेल्सवाले, हमाल आणि मालक या चौघांनाही आपापलं काहीतरी सोडावं लागलं. त्याला सात आठवडे गेले आणि एकदा आवाजही चढले. सवय बदलण्याचं काम असंच असतं, त्याची तारीख मालकाला आधी देऊन बसू नका.

ओळखायची सोपी खूण सांगतो. तीच तक्रार दुरुस्तीनंतर तिसऱ्यांदा आली की दुखणं यंत्राचं नाही. आणि एखाद्या बैठकीत सगळे उत्साहानं नवीन ॲप घेण्याबद्दलच बोलायला लागले, की समजा, अवघड विषय टाळला जातोय.

डब्यानं कोणाकडे बोलायचं, हे ठरवा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

रीत अशी ठेवा: बातमी आधी त्याला, ज्याच्या हाताला दार लागतं. दाराजवळ पिवळा दिवा आणि हलका आवाज. पाच मिनिटांत दार लागलं तर गोष्ट तिथेच संपली, वर कोणाला काही जात नाही. नाही लागलं तर त्या पाळीच्या सुपरवायझरला फोन. मेसेज नको, फोन. आणखी दहा मिनिटांनी तुम्हाला. मालकांना आठवड्यातून एकदा, कागदावर, माणसांची नावं न घालता. मिनिटांचे हे आकडे आमच्या गोदामाचे आहेत, तुमचे तुम्ही बसवा. क्रम मात्र उलटा करू नका. मालकाला आधी आणि हमालाला शेवटी कळणार असेल, तर तुम्ही डब्याला चहाडी करायलाच बसवलंय, आणि भोंग्यात बोळे कोंबले जाणारच.

प्रत्येक पाळीत प्रत्येक अलर्टवर एकच नाव. ग्रुप नाही, नाव. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला शे-सव्वाशे अलर्ट पडायचे आणि महिन्याभरात मालक सोडून सगळ्यांनी तो म्यूट केला होता. मीसुद्धा.

मोठ्या कारखान्यांनी हा धडा फार महागात घेतलाय. २४ जुलै १९९४ ला ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या मिलफोर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म वाजले होते. एवढ्यात कामाचा अलार्म कोणता, हे कोण निवडणार? कंट्रोल रूमसाठी पुढे जे दंडक रूढ झाले, त्यांत एका माणसामागे दर दहा मिनिटांना साधारण एक अलार्म हे प्रमाण धरतात. तुमच्या गोदामाला तेही जास्त आहे. एका पाळीत एका माणसाला चार-पाचच्या वर अलर्ट येत असतील तर आधी मर्यादा तपासा. दोन मिनिटांसाठी आकडा वर गेला आणि खाली आला, तर डब्यानं गप्प राहायला शिकावं. सेटिंगमध्ये ‘डिले’ म्हणून जे असतं ते याचसाठी.

आणि काकांचा बटणांचा फोन? बहुतेक यंत्रणांत मेसेजऐवजी आपोआप फोन लावायची सोय असते. आम्ही काकांचा नंबर रात्रीच्या यादीत सर्वात वर टाकला.

माणसांशी बोलणं

हे पहिल्याच महिन्यात करा, आणि नोटीस बोर्डावर चिकटवून मोकळे होऊ नका. २०२४ साली स्मार्ट प्रीपेड मीटरवरून नागपुरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. मोर्चे निघाले, निवेदनं गेली. मीटर चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवला तरी एक दिसतं: घरात लागणाऱ्या डब्याबद्दल घरच्यांना आधी विश्वासात घेतलं नाही, तर तो कितीही हुशार असला तरी लोक त्याच्याकडे संशयानंच बघतात. गोदामातही तेच.

तीन गोष्टी स्पष्ट सांगा: कोणती माहिती गोळा होते, कोण बघतं, किती दिवस राहते. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, तेव्हा अंगठा, चेहरा आणि जीपीएसच्या नोंदी म्हणजे आपलीच मालमत्ता अशा थाटात कोणी वागू नये. नोकरीच्या कामासाठी माहिती वापरायला तो काही मुभा देतो, पण मुभा आहे म्हणून न सांगता वापरलं की भरवसा जातो, आणि तो कायद्यानं परत मिळत नाही.

मी मालकांकडून एक कागद लिहून घेतला होता: पहिले तीन महिने डब्यांच्या आकड्यांवरून कोणाचा पगार कापणार नाही. सही घ्यायला दोन चहा आणि एक वाद लागला. त्या कागदाशिवाय पुढचं काहीच झालं नसतं. वाचून दाखवला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, “हे तीन महिन्यांचं झालं बापा, चौथ्या महिन्यात काय?” प्रश्न बरोबर होता. चौथ्या महिन्याचे नियम तुमच्यासोबत बसून ठरवू, असं मी सांगितलं आणि तसंच केलं.

जुन्या माणसांना काम परत द्या. आमचा कंप्रेसर बघणारा गडी नुसत्या आवाजावरून सांगायचा, “आज हा खोकून राहिला.” सेन्सर आल्यापासून त्याला कोणी विचारेनासं झालं होतं आणि तो रुसला होता. कोणता आकडा किती वर गेला म्हणजे घाबरायचं, हे कंपनीच्या पोरानं ठरवलेलं होतं. आम्ही ते काम या गड्याकडे दिलं. त्यानं दोन मर्यादा खाली आणल्या, एक वर नेली, आणि वर नेलेल्या मर्यादेमुळे रात्रीचे निम्मे खोटे अलर्ट थांबले.

कुरकुर होईल. होऊ द्या. हायफेट्झ प्रेशर कुकरचा दाखला देतात: आच मुळीच नसेल तर काही शिजत नाही, जास्त झाली तर झाकण उडतं. कुकरचं आपल्याला काय सांगायचं? शिट्टी कधी होते ते कान देऊन ऐका. मार्चअखेर, दिवाळीचा माल आणि मे महिन्याचा दुसरा पंधरवडा या काळात नवीन डबा लावू नका.

दर बुधवारी पंधरा मिनिटं

उभ्यानंच. खुर्च्या आणल्या की तास जातो. या आठवड्यात डबा कधी खरा बोलला, कधी खोटा बोलला, आणि कधी बोलायला हवं होतं पण गप्प राहिला, एवढंच विचारायचं. एक बदल ठरवायचा, दोन आठवडे करून बघायचा, नाही जमला तर काढून टाकायचा. काढायची हिंमत ठेवा. आम्ही फोर्कलिफ्टवरचा वेगाचा डबा महिन्याभरात काढला, कारण खड्ड्यातून गेलं तरी तो ‘टक्कर’ म्हणायचा. मालकांना पैसे गेल्याचं वाईट वाटलं. डब्याला खोटं ठरवता येतं हे लोकांनी पाहिलं, आणि मग ते बाकीच्यांबद्दलही मोकळं बोलायला लागले.

मालकांना भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्यावर रंगीत डॅशबोर्ड हवा असतो, पाहुण्यांना दाखवायला. द्या. फक्त त्यावर माणसांची नावं येऊ देऊ नका.

कुलूप-किल्ली

हे थोडक्यात, पण टाळू नका. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले, ते कंपनीनं दिलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. तुमच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड आजच बघा. डब्यांचं वायफाय वेगळं ठेवा, पाहुण्यांच्या फोनला त्यावर घेऊ नका. नोकरी सोडून गेलेल्याचं ॲपमधलं खातं त्याच दिवशी बंद करा (आमच्याकडे एका गेलेल्या सुपरवायझरला आठ महिने दाराचे अलर्ट जात होते, बिचाऱ्यानं सांगितलंही होतं). घुसखोरी झालीच, तर सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं, आणि त्यात असे जोडलेले डबेही येतात. त्यांचा ईमेल पत्ता वहीत लिहून ठेवा, वेळेवर सापडत नाही.

उन्हाळ्याआधीची परीक्षा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, कामाच्या दिवशी, कोणाला न सांगता राउटरची वायर काढा. घड्याळ लावा. बाहेर जाऊन टपरीवर तर्री पोहे खा आणि फोन समोर ठेवा. पाहायचं एवढंच, की डबे गप्प झालेत हे पहिल्यांदा कोणाला कळतं आणि तो कोणाला सांगतो. औषधं असतील तर आत साधा थर्मामीटर ठेवून जा आणि अर्ध्या तासाच्या वर ताणू नका.

पहिल्या वर्षी मला कोणाचाच फोन आला नाही. अर्ध्या तासानं मीच जाऊन वायर लावली. दुसऱ्या वर्षी अकराव्या मिनिटाला फोन वाजला. चौकीदार काका होते, दिवसपाळीवर आलेले. “साहेब, डबा बोलून नाही राहिला. तिकडं काही झालं का?” मी म्हटलं, झालं काही नाही काका, पोहे खाऊन राहिलो. ते म्हणाले, “मंग मलेही आना एक पलेट.”